मुंबईचा अर्थसंकल्प आणि खान्देशातली घरपट्टी

तापीकाठच्या एका नगरपालिका हद्दीत राहणाऱ्या भाऊंनी विचारलं आहे: “नाना, राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, आणि आमच्या पालिकेत गटारीवर ढापे टाकायला पैसा नाही म्हणतात. त्यात नव्या आकारणीची नोटीस आली, घरपट्टी २,४९५ वरून २,९९४ झाली. मोठा भाऊ खेड्यावर राहतो, त्याच्या ग्रामपंचायतीनेही वाढवली. मुंबईत जे ठरतं त्याचा आमच्या घरपट्टीशी नेमका संबंध काय? आणि ही वाढ मुकाट भरायची का?”

भाऊ, संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. फक्त तो सरळ दिसत नाही, कारण राज्याच्या अर्थसंकल्पात तुमच्या घरपट्टीचा दर कुठेच लिहिलेला नसतो. मी ३१ वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली, कॅशबुक लिहिण्यापासून लेखापालापर्यंत. त्या अनुभवावरून सांगतो: पालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आता एकच उरला आहे, तो म्हणजे घरपट्टी. दुसरा मोठा कर राज्याने काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात अनुदान दिलं. कर पालिका स्वतः वसूल करते. अनुदान मात्र राज्याला जमेल तेव्हा आणि जमेल तेवढं येतं. तिकडे ओढाताण झाली की इकडे दोनच गोष्टी होतात, एकतर कामं थांबतात, नाहीतर घरपट्टीची फाईल वर येते.

सुरुवात जकातीपासून करायला हवी. मी नोकरीला लागलो तेव्हा गावाच्या वेशीवर जकात नाके होते. जिनिंगला येणारा कापूस, किराणा, लोखंड, सिमेंट, गावात शिरणाऱ्या प्रत्येक मालावर जकात. रात्री नाकेदार पैशाची पेटी घेऊन यायचा, सकाळी बँकेत भरणा व्हायचा. जकात त्रासदायक होती. ट्रकवाल्यांचा खोळंबा व्हायचा, नाक्यावर काय काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ती जावी असं मलाही वाटायचं. पण पालिकेच्या तिजोरीत रोज पैसा यायचा, आणि गावाचा व्यापार वाढला की तो आपोआप वाढायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सहाय्यक अनुदान आलं. रोजचा पैसा महिन्याचा झाला. त्यातला बहुतेक भाग पगारातच जातो. पगाराची एक तारीख हुकली की सफाई कामगार ऑफिसच्या पायऱ्यांवर बसायचे आणि मी कोषागारात फोन लावत राहायचो. हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं आहे.

महापालिकांची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी आली. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या. जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, राज्यात सुरुवातीला ज्या मोजक्या शहरांत आला त्यांत जळगाव होतं, २०१० मध्ये. व्यापाऱ्यांचा विरोध झाला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी राज्याने माफ केला, म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सगळे व्यापारी सुटले. उरलासुरला १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेला. भरपाईसाठी राज्याने कायदा केला: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचं आणि दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची.

हा कायदा चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. लेखी हमी तरी आहे. आठ टक्के चक्रवाढ म्हणजे २०१६-१७ चे १०० रुपये २०२५-२६ मध्ये २०० च्या घरात जातात. पण पाया कोणता, हा प्रश्न राहतोच. ज्या शहराची २०१६-१७ मधली जमा दांडगी होती ते शहर त्या जमेवर वाढत गेलं. ज्याची तोकडी होती ते तोकड्या जमेवर वाढतंय. त्यानंतर तुमच्या शहरात दहा मॉल झाले काय, दाळ मिलची संख्या दुप्पट झाली काय, सोन्याची पेढी किती मोठी झाली काय, भरपाईत त्यामुळे एक रुपयाही वाढत नाही. वाढलेल्या व्यापाराचा जीएसटी मुंबई-दिल्लीला जातो. वाढलेला कचरा, वाढलेली वाहनं आणि वाढलेली पाण्याची गरज मात्र शहरातच राहते. ही जादा गरज भागवायला पालिकेकडे कर कोणता? घरपट्टी.

आता अर्थसंकल्पाकडे येऊ. १० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७ लाख २० कोटी. हा आकडा ऐकून माणसाला वाटतं, एवढ्यात माझ्या गल्लीची गटार बसत नाही? पण त्याच भाषणात महसुली तूट ४५,८९१ कोटी होती. म्हणजे रोजचा खर्चच रोजच्या उत्पन्नापेक्षा एवढा जास्त. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांना हात लावता येत नाही. लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते. ते घरोघरच्या बायकांच्या खात्यात जातात. त्या पैशाने आमच्या गल्लीतल्या दोन घरांत किराणा भरला जातो हे मी पाहतो, त्यामुळे त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मात्र बांधील खर्च वाढला की कात्री उरलेल्यावरच चालते, आणि स्थानिक संस्थांची विकासकामांची अनुदानं ‘उरलेल्या’तच मोडतात.

ही कात्री कशी चालते ते बाहेर कुणाला दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. अर्थसंकल्पात आकडा असणं म्हणजे पैसा मिळणं नव्हे. आकड्याला तरतूद म्हणतात. तरतुदीतून वित्त विभाग बीम्स या संगणक प्रणालीवर निधी सोडतो, त्याला वितरण म्हणतात. वितरण झालं की नगरविकास किंवा ग्रामविकास विभागाचा शासन निर्णय निघतो, मग जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषद, मग कोषागार, मग पालिकेचं खातं. तरतूद शंभर आणि वितरण साठ, हे मी कित्येक वर्षांत पाहिलं. पालिकांच्या भरपाईची आणि हिश्शाची रक्कम ३६०४ या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, असते, ती बऱ्यापैकी येते. पण रस्ता, नाट्यगृह, उद्यान, समाजमंदिर यांसाठीचे पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात. एका वर्षी ३१ मार्चला रात्री साडेदहाला बीम्सवर रक्कम दिसली, आणि बाराच्या आत बिल कोषागारात गेलं नसतं तर ती परत गेली असती. आम्ही चार जणांनी जेवण सोडून ते बिल केलं. रस्ता झाला खरा, पण ज्या ठेकेदाराने तो आठ महिने आधी करून ठेवला होता त्याने दरम्यान व्याजाने पैसे काढले होते. असं एकदा सोसलेला ठेकेदार पुढच्या निविदेत दर वाढवूनच भरतो.

आणखी एक गाठ आहे ती तारखांची. महापालिकेने पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असा कायदा आहे. नगरपालिकांचे अर्थसंकल्पही जानेवारी-फेब्रुवारीतच होतात. राज्याचा येतो मार्चमध्ये. म्हणजे वरून किती मिळणार हे कळायच्या आधी खालच्याला आपला जमाखर्च मांडायचा असतो. मग काय होतं? अनुदानाचा आकडा फुगवून लिहिला जातो. ‘शिल्लकी अंदाजपत्रक’ म्हणून पेपरात बातमी येते आणि सप्टेंबरमध्ये लक्षात येतं की निम्मा पैसा आलाच नाही. तुमच्या पालिकेचं अंदाजपत्रक हातात आलं तर ‘शासकीय अनुदाने’ या सदरातला चालू वर्षाचा अंदाज आणि गेल्या वर्षाची प्रत्यक्ष जमा शेजारी-शेजारी ठेवून बघा. गटारीवर ढापे का नाहीत, याचं निम्मं उत्तर तिथे मिळेल.

खेड्यात हाच खेळ छोट्या आकड्यांत चालतो, आणि तिथे तो जास्त लागतो. ग्रामपंचायतीचा एक आधार म्हणजे मुद्रांक शुल्काचा हिस्सा. गावातल्या जमिनीचं खरेदीखत झालं की त्यावर एक टक्का अधिभार लागतो, आणि तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्यात निम्मा-निम्मा व्हायचा असतो. पैसा मात्र आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून अनुदान म्हणून परत येतो. हायवेलगतच्या गावात प्लॉट धडाधड विकले जातात आणि सरपंच दोन वर्षांपूर्वीच्या मुद्रांक अनुदानाची वाट पाहत असतो. दुसरा आधार जमीन महसुलाशी जोडलेले उपकर आणि अनुदानं. दुष्काळ जाहीर झाला की शासन जमीन महसुलात सूट देतं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात खान्देशातले तालुके होतेच. शेतकऱ्याला ती सूट हवीच. पण जिल्हा परिषदेचा उपकर त्याच महसुलावर चालतो. त्यामुळे टँकरची गरज सगळ्यात जास्त असते त्याच वर्षी जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न आटतं.

पथदिव्यांचं उदाहरण तर तुमच्या मोठ्या भावाला नक्की आठवत असेल. गावच्या पथदिव्यांच्या बिलाचा भार पूर्वी राज्य उचलायचं. २०२१ मध्ये आदेश आला की ही बिलं केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. राज्याच्या खात्यावरचं ओझं हललं आणि ग्रामपंचायतीच्या खात्यावर बसलं. कित्येक गावांत महावितरणने वीज तोडली, सरपंचांनी आंदोलनं केली. शेवटी वित्त आयोगाच्या ज्या पैशातून गटार किंवा शाळेची भिंत व्हायची, तो पैसा वीजबिलात जाऊ लागला. त्यातून सावरायला ग्रामपंचायतीने काय करायचं? घरपट्टीची वसुली वाढवायची, आकारणी नव्याने करायची. भावाच्या गावच्या वाढीमागे हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण रेडीरेकनर. ३१ डिसेंबर २०१५ ला ग्रामपंचायत कर नियमांत दुरुस्ती झाली आणि खेड्यातली घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापर यांवरून मूल्य काढायचं आणि दर हजारी काही पैसे कर लावायचा. यातला जमिनीचा दर येतो तो नोंदणी महानिरीक्षकांच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो. तो तक्ता मुळात मुद्रांक शुल्कासाठी, म्हणजे राज्याच्या उत्पन्नासाठी. दोन वर्षं तो स्थिर होता. १ एप्रिल २०२५ पासून ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के आणि नगरपालिका क्षेत्रात ४.९७ टक्के वाढला. पुण्यातून निघालेला तक्ता पुढच्या आकारणीत भावाच्या धाब्याच्या घराची किंमतही वाढवतो, ते घर विकायचा विचार त्याच्या मनात आयुष्यात येणार नसला तरी.

सातपुड्याच्या बाजूला चित्र निराळं आहे आणि तिथली एक चांगली गोष्ट सांगायला हवी. धडगाव, अक्कलकुव्यापासून चोपडा, यावल, रावेरच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे त्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो. हा निर्णय २०१५ चा. त्या गावांत घरपट्टीतून कितीही जोर लावला तरी फार काही जमणार नाही, घरंच तशी आहेत. वरून थेट आणि अबंध पैसा आला तर ग्रामसभा स्वतः ठरवू शकते. ‘अबंध’ हा शब्द महत्त्वाचा. कामाचं नाव वरून ठरवून पाठवलेल्या दहा रुपयांपेक्षा अबंध सहा रुपये गावाला जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

कारण बांधून दिलेल्या पैशाची अडचण मी जवळून पाहिली आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित होता, स्वच्छता आणि पाण्यासाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित. शिवाय शहरांसाठी एक अट अशी होती की घरपट्टीचे किमान दर अधिसूचित झाले पाहिजेत आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या चालीने वाढली पाहिजे, नाहीतर अनुदान नाही. भाऊ, तुमच्या नोटिशीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. मुख्याधिकाऱ्याला घरपट्टी वाढवायची हौस नसते. वसुली वाढली नाही तर दिल्लीहून येणारा पैसाही अडकतो, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते. लोकनियुक्त मंडळ नसेल तरीही हा पैसा अडतो. जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. अशा सगळ्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा दहा-दहा टक्क्यांचा हिस्सा त्यामुळे थांबला. निवडणूक लांबली याची किंमत गावाने मोजली, आणि फार कमी लोकांना ते कळलं.

आता सवलतींबद्दल. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी २०२२ मध्ये माफ झाली, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक वसुली लिपिकाला विचारलं जातं, “आमची कधी?” ती माफी फक्त मुंबईची आहे. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना २०२० पासून घरपट्टी माफ आहे. ती योग्यच आहे, आणि पात्र असून कुणी अर्ज केला नसेल तर जरूर करावा. नगरपालिकांच्या थकबाकीवरची शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेचा मार्ग २०२५ मध्ये मोकळा झाला. शास्ती म्हणजे उशिराचा दंड, महिन्याला दोन टक्के, वर्षाला २४. गरिबाला ती मारून टाकते, त्यामुळे दिलासा समजू शकतो. पण हिशोबनीस म्हणून माझी तळमळ अशी आहे की घोषणा राज्य करतं आणि घट पालिकेच्या वहीत येते. शिवाय जो एप्रिलमध्ये रांगेत उभा राहून भरतो त्याच्या मनात येतं की थांबलो असतो तर बरं झालं असतं. एका अभय योजनेनंतर पुढची दोन वर्षं चालू मागणीची वसुली कशी ढेपाळते, हे मी रजिस्टरवर पाहिलं आहे. थकबाकीदारांत मोठे गाळेवाले, मंगल कार्यालयवालेच जास्त असतात. पत्र्याच्या घरातली बाई शंभर-दोनशे करत हप्त्याने का होईना, भरते.

नोटीस हातात घ्या आणि रकाने वाचा. त्यातली सगळी रक्कम पालिकेची नाही. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्याचे, १९६२ च्या कायद्याखालचे. रोहयो कर फक्त बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. पालिका ते वसूल करून शासनाला भरते. वेळेवर भरले नाहीत तर शासन अनुदान रोखू शकतं. विशेष शिक्षण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर हे पालिकेकडे राहतात. आमच्या खिडकीवर लोक भांडायचे की “एवढे घेता आणि करता काय?”, तेव्हा मी त्यांना बिल उलटसुलट करून दाखवायचो की यातले इतके रुपये आमच्या हातात राहतच नाहीत.

भुसावळचं एक वेगळं दुखणं. रेल्वेची वसाहत, यार्ड, कार्यालयं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर घरपट्टी लावता येत नाही. सेवाशुल्क घेता येतं, ते सुविधा किती वापरतात त्यावर कराच्या ३३⅓, ५० किंवा ७५ टक्के, आणि तेही करार करून, पाठपुरावा करून. गावातली सगळ्यात मोठी जागा ज्याची, तोच घरपट्टीच्या यादीत नाही. मग भार उरलेल्यांवर वाटला जातो.

जळगावच्या महापालिकेकडे पाहिलं तर कर्ज काय करतं ते कळतं. घरकुलं आणि इतर योजनांसाठी हुडको या केंद्राच्या गृहकर्ज कंपनीकडून घेतलेलं कर्ज वर्षानुवर्षे डोक्यावर होतं. दर महिन्याच्या हप्त्यात शहराचे रस्ते विरघळत गेले. २०१९ मध्ये राज्याच्या मदतीने एकरकमी तडजोड झाली तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. इथे राज्याचा एक निर्णय शहराच्या मदतीला आला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. २०१२ मध्ये मुदत संपलेल्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. भाड्याचं उत्पन्न अडकलं की त्याचाही भार फिरून करदात्यावरच येतो.

आता तुमचे ४९९ रुपये कुठून वाढले ते बघू. बहुतेक असं झालं असेल: तुमचं घर ७०० चौरस फूट. जुन्या आकारणीत भाडेमूल्य महिन्याला चौरस फुटाला दीड रुपया धरलं असेल तर वर्षाचं भाडं १२,६०० रुपये. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, करयोग्य मूल्य ११,३४०. सगळे कर मिळून समजा २२ टक्के, तर २,४९५. नव्या आकारणीत भाडेमूल्य एक रुपया ऐंशी पैसे धरलं. वर्षाचं १५,१२०, वजावटीनंतर १३,६०८, आणि त्याच २२ टक्क्यांनी २,९९४. कराचा दर एक पैसाही वाढला नाही. घराचं मूल्य वाढवलं. सभेत नगरसेवक छातीठोकपणे सांगू शकतात की “आम्ही करवाढ केली नाही”, आणि ते खोटंही ठरत नाही.

फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी असं कायदा सांगतो. मी स्वतः अशी पालिका पाहिली आहे जिथे ती कितीतरी वर्षं टाळली गेली, निवडणूक आली की पुढे, निवडणूक झाली की पुढे. मग एकदम झाली आणि लोकांच्या घरपट्ट्या तिप्पट झाल्या, मोर्चे निघाले, स्थगिती आली. त्या काळात नव्या कॉलनीतल्या दुमजली बंगल्यांची नोंदच नव्हती आणि जुन्या गावातल्या माळवदाच्या घराला पूर्ण कर होता. चार वर्षांत २० टक्के वाढ झाली याचा राग येणं साहजिक आहे, पण ती वेळेवर आणि सगळ्यांना सारखी होत असेल तर मला ती तिपटीच्या धक्क्यापेक्षा न्याय्य वाटते. अन्याय होतो तो वगळलेल्यांमुळे.

म्हणून मुकाट भरू नका, पण रागाने थकवूही नका. नोटिशीवर आक्षेपाची मुदत लिहिलेली असते, नगरपालिकेत साधारण ३० दिवस. तेवढ्यात तीन गोष्टी स्वतः टेप लावून आणि कागद काढून तपासा. क्षेत्रफळ बरोबर आहे का, कारण खासगी सर्वेक्षणवाले गच्ची आणि जिन्याखालची जागाही मोजून टाकतात. वापर निवासी लिहिला आहे की बिगरनिवासी, कारण ओसरीत शिलाई मशीन दिसलं की बिगरनिवासी लिहिलेलं मी पाहिलं आहे. आणि बांधकामाचा प्रकार व वर्ष, कारण पत्र्याचं घर आरसीसी लागलं की आकडाच बदलतो. मग शेजारच्या तशाच घराची आकारणी यादीतून उतरवून घ्या. यादी पाहणं हा तुमचा हक्क आहे. आक्षेपात ‘कर जास्त आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत अर्ध्या मिनिटात निकाली निघतो. ‘क्षेत्र ७०० नसून ६२० आहे, नकाशा जोडला आहे, गट क्रमांक अमुक मधल्या तशाच घराला दीड रुपया दर लावला आहे’, असा अर्ज सुनावणी अधिकाऱ्याला वाचावाच लागतो. सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर यादी तशीच कायम होते, आणि पुढे अपील करायचं तर आधी कराची रक्कम भरावी लागते.

मोठ्या भावाला सांगा, ग्रामसभेत घरपट्टी का वाढली असं विचारण्याआधी मुद्रांक अनुदान शेवटचं कोणत्या वर्षाचं आलं आणि वीजबिलात किती गेलं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, विचार. उत्तर ग्रामपंचायतीच्या ठरावीक नमुन्यांच्या हिशोबवह्यांत लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः पालिकेत मागणी, वसुली आणि थकबाकीचं पत्रक मागा, पहिल्या पन्नास थकबाकीदारांच्या यादीसकट. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मिळतं. दहा-बारा जणांनी मिळून मागितलं तर बऱ्याच ठिकाणी अर्जाचीही गरज पडत नाही. आमदारांना भेटायचं तर जूनच्या आत, कारण पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत थांबलेली रक्कम पुन्हा बसवता येते. मार्चमध्ये भेटून उपयोग नसतो.

आक्षेपाचा अर्ज दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटिशीतल्या तिन्ही नोंदी इथे लिहिल्यात तर अर्जाचा मसुदा मी करून देतो.